कंपित : गायकाचे भय, तल्लीनता आणि त्यांची परिभाषा

१

सभेपुढे उभे राहिल्यावर माणसाला जो थरकाप सुटतो त्यास मराठीत ‘सभाकंप’ असे नाव आहे, आणि ज्यास तो सुटत नाही त्यास ‘सभाधीट’ म्हणतात. दोन्ही शब्दांत पहिले पद ‘सभा’ हे आहे. भय कोणाच्या ठिकाणी वसते हे या शब्दांत सांगितलेले नाही. ते कोणापुढे वाटते हे मात्र आरंभीच सांगून टाकलेले आहे. गायक-वादकांच्या भयाविषयी आणि तल्लीनतेविषयी गेल्या अर्धशतकात मानसशास्त्रज्ञांनी जे विपुल लेखन केले त्याचा कल याच्या नेमका उलट आहे. तेथे भय हा कलावंताच्या अंतरंगाचा एक धर्म ठरतो आणि प्रश्नावलीच्या साहाय्याने त्याचे मापन केले जाते. त्याच्या दुसऱ्या टोकाला तल्लीनतेची तशीच एक अंतःस्थिती मांडली जाते. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कसे जावे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

या दोन टोकांच्या मांडणीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परीक्षणाचे साधन म्हणून परिभाषा घेतली आहे : एक आधुनिक मानसशास्त्राची, दुसरी संस्कृतातील शिक्षाग्रंथ व संगीतशास्त्र यांची आणि तिसरी मराठी गायक व श्रोते यांच्या नित्याच्या बोलण्यातील. पूर्वसूरींना हे सर्व आधीच ठाऊक होते असा अभिमानाचा निष्कर्ष काढण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न निव्वळ शब्दांचाही नाही. गळा तयार आहे, तालीम झाली आहे, परंतु चार माणसांपुढे बसताच आवाज कापू लागतो, असा विद्यार्थी बहुतेक प्रत्येक संगीतशिक्षकाच्या पाहण्यात येतो. त्यातील कित्येक पुढे गाणेच सोडून देतात. अशा विद्यार्थ्यास काय सांगावे हे त्याच्या व्यथेला कोणते नाव दिले जाते यावर बरेचसे अवलंबून असते.

२

तल्लीनतेच्या आधुनिक विवेचनाचा आरंभ मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४–२०२१) यांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून धरला जातो. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, संगीतरचनाकार, नर्तक, शल्यचिकित्सक अशा निरनिराळ्या लोकांशी बोलून त्यांनी असे पाहिले, की काम मनासारखे चालले असता येणाऱ्या अनुभवाचे वर्णन सर्वजण जवळजवळ सारख्याच शब्दांत करतात. पाण्याच्या ओघाबरोबर वाहत जावे तसे वाटते, असे पुष्कळांनी सांगितले. त्यावरून त्यांनी या स्थितीस ‘प्रवाह’ असे नाव दिले. कृती आणि तिचे भान यांचे ऐक्य होणे, स्वतःची जाणीव लोपणे, काळाचे मान बदलणे, कृतीतच कृतीचे फळ मिळणे ही तिची लक्षणे होत. काय करावयाचे ते स्पष्ट असणे, केलेल्याचा परिणाम तत्काळ कळणे आणि कामाची अवघडता व कर्त्याचे कौशल्य यांचा मेळ असणे या तिच्या अटी. कौशल्य कमी आणि अवघडता जास्त झाली की चिंता उत्पन्न होते. उलट झाले की कंटाळा येतो. त्या ग्रंथाच्या नावातच कंटाळा व चिंता या दोहोंच्या पलीकडे जाण्याचा निर्देश आहे.

ही मांडणी उपयुक्त आहे हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु संगीतशिक्षणात ती जशी पसरली तशी तिच्यात दोन गोष्टी मिसळत गेल्या. पहिली, चिंता आणि प्रवाह हे परस्परांचे अभाव आहेत ही समजूत. दुसरी, प्रवाह ही साध्य करून घेण्याची वस्तू आहे ही समजूत. भयाच्या बाबतीत आणखी एका जुन्या प्रयोगाचा आधार देण्याची रीत पडली. यर्कीझ आणि डॉडसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार उत्तेजना मध्यम असता काम उत्तम होते, फार कमी किंवा फार जास्त झाल्यास बिघडते. आणि ही कमानीसारखी वक्ररेषा गायक-वादकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून पुनःपुन्हा काढलेली आढळते. १९०८ सालचा तो मूळ प्रयोग उंदरांवर झाला होता. विजेचा धक्का किती तीव्र असता उंदीर दोन वाटांतील भेद लवकर शिकतात, हे त्यात पाहिले होते. भेद अवघड असता मध्यम धक्का उपयोगी पडला. सोपा असता धक्का जसा वाढला तसे शिकणे शीघ्र झाले. सभेपुढे गाणाऱ्या माणसाच्या भयाविषयी त्या प्रयोगात काहीही नव्हते. रूपकाला नियमाची प्रतिष्ठा मिळाल्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

शरीराच्या बाजूने झालेले काम याहून अधिक नेमके आहे. भयाने अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, श्वास आखूड होतो, हात कापतात. गज हळू ओढून बारीक स्वर काढणाऱ्या व्हायोलिनवादकास हा कंप सर्वांत घातक. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तंतुवादकांना ऑक्सप्रेनोलॉल हे, हृदयावरील अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारे, औषध देण्यात आले. तेव्हा कंप कमी झाला व वादन सुधारले असे आढळले. अमेरिकेतील ४८ वाद्यवृंदांतील २२१२ वादकांची जी पाहणी १९८० नंतरच्या दशकात झाली तीत २७ टक्के वादकांनी या जातीचे औषध घेत असल्याचे सांगितले, आणि त्यांपैकी बहुसंख्यांनी ते वैद्याच्या सल्ल्यावाचून घेतले होते. औषधाने कंप आवरला म्हणजे सभेचा प्रश्न सुटला असे होत नाही, हे मात्र या आकड्यांवरून समजत नाही. त्यासाठी कंप म्हणजे काय याचाच विचार करावयास हवा.

३

‘शंकित’ आणि ‘भीत’ या दोन शब्दांचा या विषयातील इतिहास मोठा बोधप्रद आहे. पाणिनीय शिक्षा व नारदीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या ग्रंथांत सदोष पठणाच्या आणि गायनाच्या ज्या याद्या आल्या आहेत त्यांच्या आरंभीच हे दोन शब्द आहेत. नारदीय शिक्षेत गीतीचे चौदा दोष मोजलेले आहेत. शंकित, भीत, उद्घुष्ट, अव्यक्त, अनुनासिक असा त्यांचा क्रम लागतो. शेवट तालहीनाने होतो. येथे हे शब्द नपुंसकलिंगी आहेत : ‘शङ्कितम्’, ‘भीतम्’. विशेष्य आहे ते गीत. भ्यालेले आहे ते गाणे. त्यात भय ऐकू येते.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादवांच्या, म्हणजे सिंघण राजाच्या, आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले होते. या ग्रंथाच्या तिसऱ्या, प्रकीर्णक नावाच्या अध्यायात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. शिक्षाग्रंथांतील कित्येक शब्द तेथे तसेच आले आहेत, परंतु लिंग बदलले आहे : ‘भीतः’, ‘शङ्कितः’. आता विशेष्य आहे तो गायक. हा बदल प्रकरणाच्या विषयामुळे झाला हे उघड आहे. तेथे चर्चा गायकाची असल्याने शब्द पुंल्लिंगी होणे स्वाभाविकच. परंतु नेमके हेच ध्यानात घ्यावयाचे, की दोषाचे अधिष्ठान गीताकडून गायकाकडे सरकले. आधुनिक मानसशास्त्राने त्यापुढचे पाऊल टाकले. तेथे विशेषण जाऊन भाववाचक नाम आले. ‘भ्यालेले गाणे’, ‘भ्यालेला गायक’ आणि ‘गायकाचे भय’ अशा या तीन पायऱ्या आहेत. आणि प्रत्येक पायरीला दोष अधिक आत, कानाच्या कक्षेबाहेर गेला आहे.

शार्ङ्गदेव मात्र दुसऱ्या पायरीवर असूनही पहिली विसरलेला नाही. त्याने दिलेली लक्षणे पाहिली म्हणजे हे दिसते. भीत कोण, तर भयाने युक्त होऊन गाणारा. येथे शब्दाची फोड करण्यापलीकडे तो जात नाही. परंतु शंकित कोण, तर त्वरेने गाणारा. ‘शंकित’ या शब्दाचा धात्वर्थ मनातील संशयाचा असता लक्षण मात्र कानाला कळणाऱ्या घाईचे दिले आहे, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. गायकाच्या मनात काय चालले आहे हे शास्त्रकाराला ठाऊक असण्याची गरज नाही. ज्याचा स्वतःवर विश्वास नाही तो स्वरावर थांबत नाही, पुढच्या स्वराकडे पळतो. एवढे कान ओळखतो. संशय काढून टाकणे शिक्षकाच्या हाती नसते. घाई थांबवणे असते.

त्याच यादीत आणखी दोन दोष जवळजवळ आलेले नसले तरी एकत्र वाचण्यासारखे आहेत. निमीलक म्हणजे डोळे मिटून गाणारा. आणि अनवधानक म्हणजे रागाचे घटक जे स्थाय त्यांवर अवधान नसलेला. गायकाच्या गुणांत ‘सावधान’ हा गुण आहेच. डोळे मिटणे हा दोष मान फिरवणे, गाल फुगवणे, कपाळाच्या शिरा ताणणे यांसारख्या बाह्य लकबींच्या पंक्तीत येतो, हे खरे. त्यामुळे त्यातून फार मोठा सिद्धान्त काढणे योग्य होणार नाही. पुढील काळातील अनेक थोर गायकांनी डोळे मिटून गायिले आहे, हेही सर्वश्रुत आहे. तरीपण तल्लीनतेचे जे दृश्य चिन्ह म्हणून आज सहज मानले जाते ते शार्ङ्गदेवास दोषांत घालावेसे वाटले, यावरून सभेशी असलेला संबंध तुटणे हे त्याच्या दृष्टीने भूषण नव्हते एवढे म्हणता येईल.

याला दुजोरा देणारे आणखी एक स्थळ त्याच अध्यायात आहे. गायकांचे शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक असे पाच प्रकार तेथे केले आहेत. रसाने आविष्ट होतो तो रसिक, श्रोत्यांचे रंजन करतो तो रंजक. स्वतः रसात बुडणे आणि श्रोत्याला आनंद देणे ही दोन निरनिराळी सामर्थ्ये आहेत, आणि एकाच्या ठायी दुसरे असेलच असे नाही, ही जाणीव या वर्गीकरणात स्पष्ट आहे. प्रवाहाच्या आधुनिक चर्चेत हा भेद बहुधा हरवतो. ज्या दिवशी कलावंत तल्लीन झाला त्या दिवशी गाणे चांगले झाले, असे तेथे गृहीत धरले जाते.

४

पंचवीस दोषांत ‘कंपित’ हा एक दोष आहे. शरीर आणि आवाज यांच्या स्वभावतःच होणाऱ्या कंपामुळे गायक कंपित ठरतो. त्याच अध्यायात पुढे गमकांचे विवेचन येते. गमकाचे पंधरा भेद सांगितले आहेत. तिरिप, स्फुरित आणि त्यानंतर तिसरा भेद : कंपित.

एकाच ग्रंथाच्या एकाच अध्यायात, एकाच शास्त्रकाराने, एकच शब्द दोषाचे आणि अलंकाराचे नाव म्हणून वापरला आहे. याला परिभाषेचा ढिलेपणा म्हणणे सोपे आहे, पण शार्ङ्गदेवासारख्या काटेकोर लेखकाच्या बाबतीत ते पटण्यासारखे नाही. गमकाची सामान्य व्याख्या करताना स्वराचा कंप हेच त्याने गमकाचे शरीर मानले आहे, आणि श्रोत्याच्या चित्तास सुख देणे ही त्या कंपाची अट घातली आहे. म्हणजे कंप हा कंप म्हणून वाईटही नाही आणि चांगलाही नाही. जो आपोआप होतो, गायकाच्या शरीरावर स्वार होतो, तो दोष. जो स्वराचा म्हणून केला जातो आणि श्रोत्याच्या चित्तापर्यंत पोहोचतो, तो अलंकार. द्रव्य एकच, त्याचे स्वामित्व कोणाकडे आणि त्याची दिशा कोणती, यावर नाव ठरते.

या दृष्टीने औषधाच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहता येते. ऑक्सप्रेनोलॉलने दोषरूप कंप कमी केला. वादकाच्या उपजीविकेच्या दृष्टीने ते लहानसहान काम नव्हे. परंतु दोषरूप कंप नाहीसा करणे आणि गमकरूप कंप करता येणे यांत जे अंतर आहे ते औषधाने भरून निघत नाही. ते अंतर भरणारी वस्तू तालीम ही आहे. पण तालमीचेही एक वैगुण्य आधुनिक संशोधनाने दाखवून दिले आहे आणि त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. बाउमाइस्टर यांनी १९८४ साली आणि मास्टर्स यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा इत्यर्थ असा, की दडपणाखाली माणूस स्वतःच्या कृतीकडे जाणीवपूर्वक लक्ष देऊ लागतो आणि जे कौशल्य अंगवळणी पडून आपोआप चालत होते त्यात त्यामुळे अडथळा येतो. भ्यालेला गायक गळ्याकडे लक्ष देतो, गळा बिघडतो. म्हणजे अवधान हवे, हे शार्ङ्गदेवाचे म्हणणे खरे. परंतु ते कशावर असावे हा प्रश्न उरतो. शार्ङ्गदेवाचे उत्तर ‘स्थायांवर’ असे आहे. कीबोर्ड वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांवर २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग योगायोगाने त्याच दिशेने बोट दाखवतो : बोटांवर लक्ष ठेवण्यापेक्षा निघणाऱ्या ध्वनीवर लक्ष ठेवले असता, शिकलेला तुकडा बदललेल्या रूपात वाजवताना अधिक नेमका वाजला.

५

आता मराठी गायक आणि श्रोते यांच्या बोलण्याकडे वळता येईल. मैफलीविषयी बोलताना मराठी माणूस जी क्रियापदे वापरतो ती बहुतांशी अकर्मक असतात आणि त्यांचा कर्ता गायक नसतो. सूर लागतो, मैफल जमते, गाणे रंगते, तंबोरे जुळतात, आवाज फुटतो, तान निघते. बिघाडाचेही तसेच : सूर लागत नाही, आवाज बसतो, घसा कोरडा पडतो, हातपाय गळतात. भयाची परिसीमा सांगावयाची तर मराठीत शक्य क्रियापदाचा एक समर्पक प्रयोग आहे : ‘त्याच्याने गाववेना’. येथे गाणाऱ्याची इच्छा शाबूत आहे, कौशल्यही नाकारलेले नाही. क्रिया मात्र त्याच्या हातून घडत नाही.

या क्रियापदांपैकी ‘लागणे’ याचा विस्तार विशेष न्याहाळण्याजोगा आहे. सूर लागतो, तंद्री लागते, समाधी लागते; आणि चिंता लागते, काळजी लागते, घोर लागतो. तल्लीनता आणि भय ही मानसशास्त्राच्या आलेखात दोन टोकांना बसवलेली असली तरी मराठीत ती एकाच क्रियापदाची घरे आहेत. दोन्ही माणसाला येऊन लागतात. दोन्ही बोलावून येत नाहीत आणि घालवून जात नाहीत. ‘तंद्री’ या शब्दाचा प्रवास या संदर्भात मनोरंजक आहे. संस्कृतात ‘तन्द्रा’ म्हणजे गुंगी, आळस, झोपेची झापड. मराठीत तोच शब्द एखाद्या विषयात हरवून जाण्याचा वाचक झाला. आणि ‘तल्लीन’ या शब्दात तर ‘तत्’ हे पद अंगभूतच आहे. कशात लीन, या प्रश्नाचे उत्तर असल्याखेरीज तो पुरा होत नाही. ‘प्रवाह’ या शब्दात अशा विषयाची अपेक्षा नाही. वाहणारा आहे, वाहणे आहे. कशात आणि कशाकडे हे सांगणे ऐच्छिक आहे.

‘लागणे’ याचे प्रयोजक-सकर्मक रूप ‘लावणे’. येथे या गटाची फाळणी होते. चिंता लावता येते, पण दुसऱ्याला. मुलाने आईला घोर लावला, असे म्हणतात. ‘तंद्री लाव’ अशी आज्ञा कोणी करीत नाही. समाधी लावता येते, परंतु ती योग्याला, आणि तीही दीर्घ साधनेने. राहिला सूर. ‘सूर लाव’ ही आज्ञा गुरू शिष्यास रोज करतो आणि शिष्य ती पाळू शकतो. ‘तंबोरा लाव’ हीही तशीच. ‘रंगणे’ आणि ‘जमणे’ यांनाही ‘रंगवणे’ व ‘जमवणे’ अशी रूपे आहेत. पण ती बहुधा श्रोत्याच्या तोंडी, मैफल संपल्यावर, कौतुकाने येतात. ‘मैफल रंगव’ अशी आज्ञा विचित्र वाटते, आणि ‘मी आज मैफल रंगवली’ असे गायक स्वतः म्हणाला तर ती आत्मप्रौढी होते. तो म्हणतो, ‘आज गाणे रंगले’.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो क्षुल्लक नाही. पाऊसही पडतो आणि भाकरीही करपते. अकर्मक क्रियापद वापरल्याने काही तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही. व्याकरणावरून मनोव्यापारांचे अनुमान करण्याचा उत्साह भाषाशास्त्रात पूर्वी पुष्कळ झाला आणि त्याची मर्यादाही कळून चुकली आहे. शिवाय ‘आज सूर लागला नाही’ या वाक्यात नम्रतेबरोबर पळवाटही आहे. रियाज न केलेला गायकही हेच वाक्य उच्चारून सुटतो. हा आक्षेप मान्य करावयास हवा. मराठीभाषक गायकास इतरांहून कमी भय वाटते, असे या क्रियापदांवरून मुळीच म्हणता येणार नाही. येथे म्हणावयाचे आहे ते इतकेच, की ज्या गोष्टींची आज्ञा होऊ शकते आणि ज्यांची होऊ शकत नाही त्यांची एक उपयुक्त विभागणी या धंद्याच्या भाषेत आधीच झालेली आहे, आणि ती अनुभवाशी ताडून पाहता टिकते.

६

अनुभवाशी ताडून पाहण्यासाठी दोन सुप्रसिद्ध वादकांची उदाहरणे पुरेशी आहेत. पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) हा विसाव्या शतकातील चेलोवादकांचा अग्रणी. सभेपुढे बसण्याचे भय त्यास जन्मभर सोडून गेले नाही, असे त्याने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितले आहे. १९०१ साली कॅलिफोर्नियात डोंगर उतरताना एक दगड त्याच्या डाव्या हातावर आदळला, तेव्हा मनात आलेला पहिला विचार, आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही, असा सुटकेचा होता. हात बरा झाला आणि त्यानंतर तो सात दशके वाजवीत राहिला. भय गेले नाही. संगीतही गेले नाही. उलट बाजूस कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड. १९६४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने सभागृहातील वादन कायमचे सोडले आणि १९८२ साली मृत्यू येईपर्यंत केवळ ध्वनिमुद्रणासाठी वाजवले. सभा नाहीशी झाली, पण तल्लीनता नाहीशी झाली नाही. वाजवता वाजवता त्याचे गुणगुणणे त्या मुद्रणांतून स्पष्ट ऐकू येते. पहिल्या उदाहरणात भय आणि श्रेष्ठ वादन एकत्र नांदतात. दुसऱ्यात तल्लीनता सभेवाचून नांदते. दोहोंना एकाच रेषेची दोन टोके मानणाऱ्या आलेखात या दोघांपैकी एकासही नीट जागा मिळत नाही.

हिंदुस्थानी ख्यालगायनाच्या मैफलीची रचना पाहिली तर लावण्याकडून लागण्याकडे जाण्याची वाट तिच्यात बांधून काढलेली दिसते. गायक आल्याबरोबर गात नाही. प्रथम तंबोरे लावले जातात, आणि ते श्रोत्यांच्या समक्ष लावणे वावगे मानले जात नाही. पंचम किंवा मध्यम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज जुळेपर्यंत वेळ जातो. त्या वेळात कान सभेकडून स्वराकडे वळतो. मग षड्ज लावावयाचा, मंद्र-मध्यात आलाप करावयाचा. विलंबित लयीत घाईला वाव नसतो. जो घाई करील त्याची शंका तत्काळ उघडी पडते. बारा मात्रांच्या विलंबित एकतालात प्रत्येक आवर्तनाअखेर सम येते. काय गाठावयाचे ते स्पष्ट असते आणि गाठले की नाही तेही त्याच क्षणी कळते. चिक्सेंटमिहाय यांनी सांगितलेल्या अटींपैकी दोन येथे गायकाच्या मनःस्थितीवर न सोपवता प्रयोगाच्या बांधणीतच ठेवलेल्या आहेत. आणि समेवर श्रोत्याची मान हलली, दाद आली, म्हणजे जी सभा भयाचे कारण होती तीच साथीला येऊन बसते. वाद्यवृंदातील वादकास ही सोय नाही. ठरलेल्या मात्रेवर, ठरलेल्या स्वरात, पहिल्याच क्षणी बिनचूक उठणे त्यास भाग असते. वाद्यवृंदांच्या पाहणीतील आकड्यांचा अर्थ लावताना वादकांच्या स्वभावाइतकाच या रचनेचाही विचार व्हावयास हवा.

अर्थात् ही वाटही सर्वत्र खुली राहिलेली नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गायन मुद्रित झाले तेव्हा तीन मिनिटांच्या तबकडीत आलापाला अवकाश नव्हता. आज स्पर्धांच्या आणि परीक्षांच्या मंचावर विद्यार्थ्यास पाच-दहा मिनिटांत राग मांडावा लागतो, तंबोऱ्याचे काम यंत्र करते आणि श्रोत्याच्या जागी गुण देणारा परीक्षक असतो. लावण्याचा सर्व काळ कापून टाकून लागण्याची मात्र अपेक्षा ठेवली जाते. अशा मंचावर विद्यार्थ्याचा आवाज कापला तर तो दोष त्याच्या अंतरंगात शोधण्यापूर्वी मंचाच्या घडणीत शोधणे न्यायाचे होईल.

७

वरील विवेचनातून जे निष्पन्न होते ते संगीतशिक्षणाच्या दृष्टीने थोडक्यात असे मांडता येईल. भय आणि तल्लीनता यांना एकमेकांची विरुद्ध टोके मानल्याने विद्यार्थ्याचे दुहेरी नुकसान होते. भय वाटत असेपर्यंत आपण गाण्यास अपात्र आहोत असे त्यास वाटते. आणि तल्लीनता हे साध्य म्हणून पुढे ठेवल्यामुळे, आपली तंद्री अजून लागली कशी नाही, ही एक नवी चिंता त्यास लागते. पहिल्या भयावर दुसऱ्याचे ओझे पडते. ‘घाबरू नकोस’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या आज्ञार्थी असले तरी अर्थाने ते सांत्वन आहे. तसेच ते उच्चारावे. ‘तल्लीन हो’ हे वाक्य तर उपयोगाचेच नाही.

आज्ञा करावयाची ती ज्यांची होऊ शकते अशा गोष्टींची : तंबोरा लाव, षड्ज लाव, या स्वरावर थांब, समेची वाट पाहा, गळ्याकडे न पाहता स्वराकडे कान दे. शार्ङ्गदेवाने शंकेचे लक्षण त्वरा असे दिले, त्यात शिक्षकाला पुरेसे काम आहे. त्वरा गेल्यावर शंका जाईलच अशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही. पण शंका असूनही गाणे शंकित होणार नाही, एवढे साधते. आणि कासाल्सचे सारे आयुष्य याचे प्रमाण आहे. दोषांच्या यादीतला कंपित आणि गमकांच्या यादीतला कंपित यांमध्ये शार्ङ्गदेवाने दुसरा शब्द घातला नाही. सभेपुढे कापणारा आवाज गाण्यास निकामी झाला असे त्यामुळे ठरत नाही. तो कंप अजून स्वराचा व्हावयाचा आहे, इतकेच ठरते.